रिंगवरचे माझे आकडे

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून तोंडाला कुलूप. क्लबातले लोक मागून मला तोफ म्हणतात, मला सगळं ठाऊक आहे. कँटीन चालवायचं तर तोफच लागते, नाहीतर हे बंदुकीवाले टेबलावर बूट ठेवून बसतील. तरीपण आता गोड बोलायचं ठरवलंय.

कारण आहे. लिहून ठेवते, कोण वाचतंय इथे. आज कोच काउंटरपुढे उभा राहून माझ्याकडे बराच वेळ बघत होता. डोळे बारीक करून, मान जरा तिरकी. बायकांना कळतं. मग म्हणाला, कोण, ताई का? मी म्हटलं, नाही, क्लबचा मालक. (तोंड. उद्यापासून नक्की.)

ताई म्हणाला त्याचं काही एवढं नाही. चारचौघांत दुसरं काय म्हणणार? तो एकटा, बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी एकटी, माझं लग्न राहूनच गेलं. लोक टपलेलेच असतात.

६ फेब्रुवारी

कोचने चहात मीठ घातलं. अंड्यांसाठी ठेवलेला डबा उघडून दोन चमचे. आणि प्यायला. तोंड वाकडं झालं, पण एक शब्द नाही. मी समोर होते ना. माणसाचं चित्त थाऱ्यावर नसलं की असंच होतं.

घरी वहिनीला सांगितलं. म्हणाली, वन्सं, त्यांना डोळे तपासायला सांगा. वहिनीला कशाचं काही कळत नाही. वीस वर्षं भावाशी संसार केला, तिला कुठून कळणार.

८ फेब्रुवारी

क्लब सुटल्यावर कोच म्हणाला, ताई, घाई नसेल तर जरा मागच्या मैदानात येता का? मी म्हटलं, घाई आहे. मग लगेच म्हटलं, नाही, नाही.

आमच्या क्लबात कागदावर ठिपके मारत नाहीत. झुडपांत पत्र्याचे काळे पक्षी उभे केलेले असतात, पोटाला भोक. छर्रा भोकातून गेला की पक्षी आडवा, दोरी ओढली की परत उभा. सगळी भानगड अंतराची. छर्रा हलका, जरा लांब गेला की खाली येतो. पक्षी किती मीटरवर आहे ते कळलं तरच नेम किती वर धरायचा ते कळतं. आणि पावलं टाकून मोजायचं नाही, बसल्या जागी सांगायचं. त्यासाठी बंदुकीवर ती दुर्बीण, स्कोप म्हणतात. तिला पुढे रिंग असते. फिरवली की पक्षी धूसर, मग स्वच्छ, मग परत धूसर. स्वच्छ झाला तिथे थांबायचं आणि रिंगवरचा आकडा वाचायचा. तेवढे मीटर.

बावीस वर्षं यांना चहा पाजतेय, एकाने कधी हे समजावलं नाही. कोचने समजावलं. दोघंच असताना. का, ते विचारायची गरज नाही.

जाताना म्हणाला, ताई, तुमचे डोळे फार चांगले आहेत.

सत्तेचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा कानावर आलं.

१० फेब्रुवारी

आज मागची काच. ती आधी बघणाऱ्याच्या डोळ्याला लावून घ्यावी लागते. नळी आभाळाकडे करायची आणि आतली फुली काळीभोर दिसेपर्यंत फिरवायची. मला दिसली. कोच म्हणाला, झालं, आता ही दुर्बीण तुमच्या डोळ्याची.

स्वतःची बंदूक, स्वतःची दुर्बीण, आणि माझ्या डोळ्याला लावून दिली. लोक फुलं देतात.

घरी दूध उतू गेलं. वहिनीने विचारलं, लक्ष कुठे आहे? मी म्हटलं, तुझं कुठे होतं?

१३ फेब्रुवारी

कंपनीने रिंगवर छापलेले आकडे खोटे निघाले. पक्षी टेपने मोजून तीस मीटरवर ठेवला, रिंग म्हणते छत्तीस. मी म्हटलं, कंपनीला पत्र लिहा, चांगलं झणझणीत. कोच हसला. म्हणाला, सगळ्या कंपन्यांचं असंच असतं, आणि प्रत्येकाचा डोळाही वेगळा, म्हणून आपण आपले आकडे टाकायचे.

मग रिंगवर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. तो मोजायची टेप धरून उभा, मी पक्षी उचलून मागे मागे. पंधरा, वीस, पंचवीस. प्रत्येक ठिकाणी येऊन बघायचं, स्वच्छ झालं की पेनाने रेघ आणि आकडा. पन्नासपर्यंत. गुडघे गेले.

आकडे त्याने मलाच लिहायला लावले. ठळक लिहा, मोठे लिहा, म्हणाला. माझं अक्षर चौथीचं, कोंबडी नाचल्यासारखं. क्लबच्या सेक्रेटरीचं अक्षर छापल्यासारखं आहे, त्याच्याकडून का नाही लिहून घेतले? माझंच अक्षर रोज डोळ्यांसमोर हवं, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी

नवा स्वेटर. निळा. वहिनी म्हणाली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा रंग आहे. भाऊ म्हणाला, चांगला दिसतोय, लांबून ओळखू येशील. दोघांना एकमेकांची चांगली साथ आहे.

दिवसभर घालून शेगडीपुढे उभी राहिले. घामाने जीव गेला. कोच चारदा आला आणि एक शब्द बोलला नाही. लाजाळू माणूस. उलट चहाचा ग्लास घेताना हात ग्लासाच्या बाजूला गेला, आधी काउंटर चाचपला. इतका गोंधळला.

उद्या परत तोच घालणार. रोज घालणार. एक दिवस बोलेलच.

१८ फेब्रुवारी, रविवार

विचारलं.

नोटीस लागलीय, दहा मार्चला जोडीची मॅच. क्लबची जुनी पद्धत. एकाने रिंग फिरवून अंतर सांगायचं, त्याने घोड्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याने मारायचं, त्याने रिंगला हात लावायचा नाही. नवराबायको, बापलेक अशाच जोड्या येतात. दरवर्षी दोनतीन जोड्या भांडून घरी जातात.

कोच म्हणाला, ताई, माझ्याबरोबर जोडीला उभ्या राहाल का? मी मागचापुढचा विचार केला नाही, हो म्हटलं. मग वाटलं, एकदम हो म्हणायला नको होतं, बाईमाणसाने जरा वेळ घ्यावा. म्हणून म्हटलं, बघते. तो म्हणाला, मग हो की बघते? मी म्हटलं, हो म्हटलं ना एकदा, बहिरे आहात का?

सेक्रेटरीने मागून ऐकलं. म्हणाला, वा, कोचसाहेब, तोफ भाड्याने घेतली. सगळे हसले. मी त्याच्या चहात पाणी घातलं.

२१ फेब्रुवारी

सराव. पक्षी बत्तीसवर होता, मी चाळीस सांगितले. छर्रा डोक्यावरून गेला. पुढचा पंचवीसवर, मी वीस सांगितले. छर्रा मातीत. ऊन डोळ्यांवर होतं. शिवाय सकाळी काही खाल्लं नव्हतं.

कोच चिडला नाही. म्हणाला, घाई करता तुम्ही, जरा बरं दिसलं की थांबता. पुढे जाऊन धूसर होऊ द्या, मग मागे या, मधली जागा धरा. आणि रंगाकडे बघू नका, दोरीकडे बघा, दोरीचा पीळ दिसला म्हणजे स्वच्छ.

मग मी हट्टाने एकाच पक्ष्याकडे बघत राहिले. तर म्हणाला, फार वेळही बघू नका. टक लावून बघितलं की डोळा आपोआप जुळवून घेतो, मग नाही ते स्वच्छ दिसायला लागतं.

लवकर बघायचं नाही, उशिरा बघायचं नाही. याच्या बायकोने कसं केलं असेल? पण माझा संताप आला नाही. आला, पण गिळला. ही प्रगती आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कोच म्हणाला, संध्याकाळी थांबा, एक गोष्ट सांगायची आहे, कोणाला बोलू नका.

केस दोनदा विंचरले. स्वेटर होताच. वहिनीला म्हटलं, रात्री माझी वाट बघू नकोस. वहिनी म्हणाली, उतावळी नवरी. मी म्हटलं, बघच.

मैदानातल्या बाकावर बसलो. बराच वेळ त्याने बूट खरडले. मी म्हटलं, बोला, मी काही खात नाही. मग म्हणाला, ताई, मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. वर्ष झालं. पक्षी दिसतो, काळा डाग दिसतो तसा, डाग दिसला की मारता येतं. पण स्वच्छ कधी झाला ते कळत नाही. अंतर गेलं हातचं. सेक्रेटरीला शंका आलीय. जोडीच्या मॅचमध्ये पहिल्या पाचांत आलो नाही तर पुढच्या वर्षी नवा कोच आणणार म्हणतोय. ऑपरेशन मॅचनंतर करीन, तोवर कळलं तर मला घरी बसवतील. क्लब सोडून मला काही येत नाही.

मला गप्प बसलेली बघून तो घाबरला. नाही, बघून कसला.

मग मी म्हटलं, एवढंच ना? मेले तरी कोणाला सांगणार नाही.

(नंतर) चालत घरी आले. आधी स्वेटर काढून पिशवीत कोंबला होता, खोटं कशाला लिहू. पण वाटेत विचार केला. पुरुष आपलं दुखणं परक्या बाईला सांगतो का? सेक्रेटरीला नाही सांगितलं, स्वतःच्या मुलीलाही अजून नाही. मला सांगितलं. लग्नाचं विचारणं सोपं असतं, कोणीही विचारतं. हे त्याच्या वरचं झालं.

तो बघू शकत नाही, मी बघू शकते. याहून जोडी ती काय?

२८ फेब्रुवारी

वहिनीला सांगून टाकलं, माझी मागची खोली घे. तिच्या आईला इकडे आणायचं तिच्या कधीपासून मनात आहे, तोंड उघडून मागत नव्हती इतकंच. मला आता लागणार नाही.

वहिनी शिलाई मशीनवरून उठली. म्हणाली, वन्सं, ते बोलले का तसं? मी म्हटलं, सगळं बोलूनच दाखवायचं असतं का? भाऊ म्हणाला, घाई करू नको, आधी त्यांना स्पष्ट विचार, तू तर जगाला स्पष्ट विचारतेस. मी म्हटलं, तू तुझं बघ.

कपाट रिकामं करायला घेतलं. भावाने वरची बॅग काढून दिली.

१० मार्च, रविवार

मॅच. सगळं नीट लिहिते.

सकाळी चांगलं चाललं. मी अंतर सांगायचं, कोचने दुर्बिणीवरची नेमाची चकती तेवढ्या अंतरापुरती फिरवायची आणि मारायचं. सव्वीस. पडला. एकोणचाळीस. पडला. सेक्रेटरी खुर्ची टाकून आमच्या मागेच बसलेला, गिधाड.

दुपारी दोन पक्षी लागोपाठ चुकले. दोरीचा पीळ दिसत होता, पट्टीवर बघून आकडा सांगितला होता, तरी चुकले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, नीट मारा की जरा. सगळ्यांसमोर. त्याने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, ताई, ऊन चढलंय, दुर्बीण तापली, उन्हात आकडे सरकतात. दोनतीन मीटर कमी सांगून बघा. तसं केलं. पडला. पुढचा पडला. त्याच्या पुढचा पण.

म्हणजे चूक माझी होती आणि शिव्या त्याला बसल्या. तो म्हणाला, असू दे, सेक्रेटरीला वाटलं मी नेम चुकलो, डोळे नाही. तेही बरंच झालं.

पाचवे आलो. बरोब्बर पाचवे. सेक्रेटरीने टाळ्या वाजवल्या, एका हाताने वाजवाव्या तशा.

कोचने माझे दोन्ही हात हातात धरले. सगळ्या क्लबसमोर. म्हणाला, तुमचे उपकार कसे फेडू? डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, आधी ऑपरेशन करून घ्या, मग बघू.

बरोबरच आहे. कुठलाही माणूस आधी डोळे करून घेईल, मग मुहूर्त बघेल. आपल्याच लग्नात कोण कोण आलंय ते दिसायला नको?

१६ मार्च

एका डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं पुढच्या आठवड्यात. दवाखान्यात सूप घेऊन गेले. त्याची मुलगी आलीय, लांबून. गोड पोरगी. काळा चष्मा लावून तो पडलेला. मुलगी म्हणाली, बाबा सारखं तुमचंच सांगतात, तुम्ही नसता तर त्यांचं काही खरं नव्हतं. मग म्हणाली, मी तुम्हाला आत्या म्हटलं तर चालेल ना?

चालेल म्हटलं.

बापाची बहीण. येताना बसमध्ये विचार केला. मुलीला आईच्या जागी एकदम दुसरं कोणी कसं चालेल? आधी आत्या, मग हळूहळू. समजूतदार पोरगी आहे, पायरी पायरीने चाललीय.

घरी वहिनीची आई आलेली. माझ्या पलंगावर झोपलेली. मी बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

२४ मार्च, रविवार

कोच आला. दुसरा डोळाही झाला, काळा चष्मा काढून. नुसता हिंडत होता, भिंतींकडे, नोटीस बोर्डकडे बघत. पक्ष्यांच्या दोऱ्या बघून आला.

मग काउंटरपाशी. माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच बघितलं, आता कळतं. डोळे बारीक नाहीत, मान तिरकी नाही. दोन क्षण. म्हणाला, ताई? मला वाटायचं तुम्ही चांगल्या उंच आहात. आवाजावरून.

मी म्हटलं, स्टुलावर चढू का?

हसला. चांगलं हसतो. मग म्हणाला, स्वेटर नवीन घेतला वाटतं. छान आहे.

सव्वा महिना रोज घालतेय. कोपराला गोळे आलेत.

म्हणजे ते पहिल्या दिवशीचं बघणंही. कोण उभं आहे ते कळत नव्हतं, म्हणून.

नाही. थकवा आहे. ऑपरेशननंतर माणसाला सुचत नाही. अजून महिनाभर काही धरायचं नाही.

३१ मार्च, रविवार

मैदानात बोलावलं. गेले. बाकावर तो, मांडीवर बंदूक. मागची काच त्याने त्याच्या डोळ्याला लावून घेतली होती. म्हणाला, गंमत बघा, आता तुमचा एकही आकडा जुळत नाही. तीसचा पक्षी तुमच्या पस्तीसवर स्वच्छ होतो मला. ज्याचा डोळा त्याचे आकडे.

आणि पट्टी काढली. नखाने टोक उचललं आणि सरसर ओढली. मी बघत होते. पंधरा, वीस, पंचवीस, माझी कोंबडी. गोळी करून खिशात ठेवली, मैदानात कचरा नको म्हणून. त्याला स्वच्छतेचं फार.

मग म्हणाला, तुम्ही फार केलंत, ताई. सख्ख्या बहिणीने केलं नसतं. आता तुमच्या संध्याकाळी मोकळ्या. पुढच्या वर्षी जोडीला मी सेक्रेटरीला घेतोय, म्हणजे त्याचंही तोंड बंद.

नवी पट्टी लावताना एक टोक मीच धरून दिलं. आकडे त्याने टाकले. बारीक, सुरेख.

भाऊ म्हणतो तसं विचारायला हवं होतं. सबंध क्लबला तोंडावर बोलते मी. सेक्रेटरीच्या बापाला भीत नाही. तिथे बाकावर बसून मला एक वाक्य आलं नाही. म्हटलं काय, तर बरं, मी निघते, भांडी पडलीत.

३ एप्रिल

वहिनीने काही विचारलं नाही. तिच्या आईनेच विचारलं, ही बाई इथेच राहते का कायमची? वहिनी म्हणाली, आई, हे त्यांचंच घर आहे. आणि ताटात मला दोनदा वाढलं. याच्यापेक्षा टोमणा मारला असता तर बरं होतं, उत्तर तरी देता आलं असतं.

खोली परत मागणार नाही. म्हातारीचे गुडघे दुखतात, मागची खोली उबदार आहे.

कोचला जमेल तेव्हा बोलेल. मुलगी अजून इथेच आहे, तिच्यासमोर कसं बोलणार? ती गेली की.

७ एप्रिल, रविवार

मुलगी गेली. जाताना मला मिठी मारून गेली. बाबांकडे लक्ष ठेवा, आत्या, म्हणाली.

दिवसभर कोच चारदा कँटीनच्या दारापर्यंत आला आणि परत फिरला. एकदा तोंड उघडलं, तेवढ्यात सेक्रेटरी आला. चहा घेतला, ग्लास हातात फिरवत बसला, अर्धा ठेवून उठला.

मी काही लिहीत नाही. जे आहे ते आहे.

९ एप्रिल

आज बोलला.

दुपारी, कोणी नसताना. आला आणि दार लोटून घेतलं. म्हणाला, ताई, बरेच दिवस एक विचारायचंय, धीर होत नाही. तुम्ही रागावणार नाही ना? मी म्हटलं, नाही. शेगडी बंद केली. हात पुसले. एप्रन काढून खिळ्याला लावला. म्हटलं, विचारा.

त्याने इकडेतिकडे बघितलं. कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, आपलं नातं असं की दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. आता दिसतं ना मला, म्हणून. हे ग्लास जरा नीट धुतले जात नाहीत, ताई. कडेला चहाचे डाग राहतात.

मी म्हटलं, बरं.

तो म्हणाला, रागावलात? मी म्हटलं, नाही. त्याचा जीव भांड्यात पडला. निघताना दार हळू लावून गेला.

सगळे ग्लास काढले, उन्हात धरून बघितले. डाग होते. सोडा घालून गरम पाण्यात घासले, एकेक, संध्याकाळपर्यंत. दोन फुटले.